मडगावचं स्टेशन नेमकं कुणासाठी?

मेट्रोचं स्टेशन आणि आपलं नेहमीचं रेल्वे स्टेशन यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी दारांकडे बोट दाखवीन. मेट्रोच्या स्टेशनात बाहेर पडायच्या वाटांना नंबर असतात. या जिन्याने वर आलात तर कोर्टाचं फाटक, त्या जिन्याने आलात तर बसथांबा. रेल्वेच्या स्टेशनात नंबर असतात फलाटांना; दार बहुधा एकच, त्याला नंबर कशाला? एकाने मोजणी रस्त्यापासून सुरू केली, दुसऱ्याने रुळांपासून. बांधणाऱ्याच्या डोक्यात आधी कोण आलं, पायी येणारा माणूस की धावत येणारी गाडी, हे तेवढ्यावरून कळतं.

हे मला सुचलं पुण्यात. आमच्याकडे गोव्यात मुलांना शिकायला पुण्याला धाडायची रीत जुनी आहे, त्याप्रमाणे माझी भाची तिथे असते. मी भेटायला गेलो तर तिने पाहुण्याला मंगेशीला न्यावं तसं मला जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्टेशनात नेलं. तिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. वनाज ते रामवाडी जाणारी मेट्रो डोक्यावरून, पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी जमिनीखालून. खालचा फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे. म्हणजे आमच्या गावच्या माडापेक्षाही अधिक खोल, आणि तरी छतातल्या मोकळ्या जागेतून उन्हाचा कवडसा तिथवर पोचतो. १ ऑगस्ट २०२३ पासून तिथे एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येऊ लागलं. भाची म्हणाली, "मामा, वर बघ ना." मी वर बघितलं, पण माझं लक्ष पाट्यांकडे. कुठल्या जिन्याने कुठे निघाल, ते आधीच सांगून ठेवलेलं. जमिनीखाली असूनही ते स्टेशन शहराच्या भाषेत बोलत होतं.

गोव्यात मेट्रो नाही, आणि कुणी गंभीरपणे मागतही नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची वस्ती साडेचौदा लाख. पुण्याचे चार पेठांचे लोक एका संध्याकाळी बाहेर पडले तर आपल्याला जत्रा वाटेल. तरीही मेट्रोशी आपलं नातं अगदीच नाही असं नाही, आणि ते जे काही आहे ते सगळं मडगावच्या स्टेशनाभोवती गोळा झालेलं आहे. कोकण रेल्वे ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली ते ई. श्रीधरन इथलं काम संपत आल्यावर, १९९७ मध्ये, दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी अशी दिल्लीची पहिली मेट्रो धावली. आणि पुढच्याच दोन वर्षांत, मेट्रोला स्वस्त पर्याय म्हणून जे यंत्र देशभर विकायचं होतं, त्याची चाचणी मडगावला झाली. त्या यंत्राची गोष्ट पुढे येईलच. पण स्टेशन समजून घ्यायचं तर आधी मिठापासून सुरुवात करावी लागेल.

हो, मिठापासून. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोव्यातल्या मिठाच्या धंद्यावरचा ताबा इंग्रज सरकारकडे गेला, त्याबदली पोर्तुगालला वर्षाला ४ लाख रुपये ठरले. मुरगावला बंदर आणि तिथून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायची होती. त्यासाठी लंडनच्या भागधारकांना व्याजाची जी हमी द्यायची, तिला हा पैसा लागला. कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' हा शब्द होता: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. किनाऱ्यावरच्या मिठागरवाल्यांनी या कराराची झळ सोसली आणि १८९२ मध्ये करार संपला. रूळ मात्र राहिले. गोव्यातल्या रेल्वेच्या पायात खडीइतकंच मीठही आहे, असं मी आमच्या कुडचड्याच्या पोरांना सांगतो. ती हसतात. त्यांनी मिठागरंच पाहिलेली नाहीत.

१८८८ मध्ये ही मीटरगेज लाइन ब्रागांझा घाट चढून घाटमाथ्यावरच्या, इंग्रजांच्या हद्दीतल्या कॅसल रॉकला पोचली. मुरगावपासून ८२ किलोमीटर. घाटात ३७ मीटर गेलं की १ मीटर चढ, बोगदे, आणि दूधसागराच्या तोंडावरून जाणारा तो पूल, ज्याचे फोटो आज लोक एकमेकांना पाठवतात. आता या लाइनचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला जहाजं, दुसऱ्या टोकाला सदर्न मराठा रेल्वे आणि तिच्यामागे दख्खनचा कापूस. मधलं जे काही, दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, काले, कुळे, ते वाटेत लागतं म्हणून. रेल्वेने मडगावला यायचं ठरवलं नव्हतं. मुरगावहून घाटाकडे जाताना सपाट जमीन हवी होती आणि सासष्टीत ती होती.

तरी गावांनी स्टेशनं आपलीशी केलीच. आमचे आबा सांगत, कुळ्याला गाडी थांबली की पोर्तुगीज कस्टमचे लोक चढत. बायकांची लुगड्यांची गाठोडी उलगडून बघत. कॅसल रॉकला पुन्हा इंग्रजांची तपासणी. ८२ किलोमीटरच्या गाडीत दोन साम्राज्यांची दारं. याच कुळ्याच्या स्टेशनावर १९४६ च्या सप्टेंबरअखेर राममनोहर लोहियांना गोव्यात पुन्हा पाऊल टाकताच पकडलं. त्याच वर्षी १८ जूनला लोहियांनी मडगावात पोर्तुगीजांविरुद्ध घेतलेल्या सभेबद्दल सगळे बोलतात, मैदानालाच लोहियांचं नाव आहे. कुळ्याबद्दल कमी लोक बोलतात. मला मात्र ते स्टेशन त्या सभेइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्टेशन म्हणजे उंबरठा, आणि उंबरठ्यावर कुणाला अडवायचं हे ठरवणारा तिथे उभा असतो, हे त्या दिवशी उघड दिसलं असणार. पुढे १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि गोव्याची रेल्वे उरलेल्या देशापासून तुटली. आबांच्या पिढीत ज्यांची माणसं बेळगावला, मुंबईला होती, त्यांना कुळ्यापलीकडे जाणारी गाडी पुन्हा दिसली ती मुक्तीनंतर.

मडगावचं जुनं स्टेशन कोंबात. मालभाट, कोंब, बाजार, सगळं हाकेच्या अंतरावर. कॉलेजच्या काळात मी कुडचड्याहून मीटरगेज पॅसेंजरने तिथे उतरायचो. त्या स्टेशनाची मांडणी सांगायला फार शब्द लागत नाहीत: एक लाइन, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला बाजूची लूप, मालधक्का, स्टेशनमास्तरांची खोली, तिकिटाची खिडकी. चांदरच्या बाया टोपल्यांत भाजी घेऊन चढायच्या. वास्कोकडून येणाऱ्या गाडीला मासळीचा वास असायचा, आमच्या गाडीला खनिजाच्या धुळीचा, कारण सावर्ड्याच्या बाजूला तेव्हा मँगनीज आणि लोखंडाच्या खाणींशिवाय दुसरी गोष्टच नव्हती. फलाटावर उतरलं की कोंबातल्या गल्ल्यांतून पायी पिंपळकट्ट्यापर्यंत. कुणाला रिक्षा लागत नसे, पायलटही, म्हणजे भाड्याची मोटारसायकलही नाही. स्टेशन मालासाठी बांधलेलं असलं तरी गावात बांधलेलं होतं, आणि गाव आपोआप त्याच्या सर्व बाजूंनी आत शिरत होतं. कुठल्या बाजूने शिरायचं याला काही नियम नव्हता. रुळ ओलांडून येणारे होते, मालधक्क्याच्या कुंपणातल्या फटीतून येणारे होते. आजच्या सुरक्षा अधिकाऱ्याला घेरी यावी असा कारभार.

कार्तिकात मडगावची दिंडी हरिमंदिरातून निघून कोंबातल्या विठ्ठलाच्या देवळात जाते. वाटेत रस्त्यावरच बैठका मांडतात आणि मोठमोठे गवई तिथे बसून गातात. पहाट होईपर्यंत लोक उठत नाहीत. आमची आजी त्या दिवशी दुपारच्या गाडीने यायची, रात्र गाण्यात काढायची आणि सकाळच्या गाडीने परत. रात्री परतीची गाडी नाही याची तक्रार तिने कधी केली नाही. गाडी असती तर गाणं अर्धवट सोडून उठावं लागलं असतं, असं तिचं म्हणणं.

मुंबईला जाणं मात्र वेगळंच प्रकरण होतं. मीटरगेजने घाट चढून लोंढा, बेळगाव करत मिरज. मिरजेला १९७१ पासून पुण्याकडची ब्रॉडगेज, म्हणून तिथे सामानासकट गाडी बदलायची. मीटरगेजच्या दोन रुळांत १ मीटर, ब्रॉडगेजच्या रुळांत १.६७६ मीटर, त्या ६७ सेंटिमीटरसाठी अख्खं कुटुंब, ट्रंक, काजूच्या पिशव्या, फणसाच्या साठांचा डबा, सगळं मध्यरात्री एका फलाटावरून दुसऱ्यावर. मिरजेचे हमाल आम्हा गोवेकरांना लांबून ओळखायचे. ज्यांना हे नको ते पणजीहून बोटीने जायचे, नाहीतर एसटीने हाडं खिळखिळी करून घ्यायचे.

म्हणून कोकण रेल्वेची बातमी आली तेव्हा आनंद न होणारा माणूस आमच्या गावात तरी नव्हता. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री, म्हणजे कोकणची दोन माणसं एकाच वेळी योग्य खुर्च्यांत, असा योग पुन्हा येणं कठीण. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, त्यातले १०५ गोव्यात. आनंद तेवढा एकमताचा, मार्ग नव्हे. लाइन किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून, खाजन शेतांतून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतून, आणि जुन्या गोव्याच्या कुशीतून नेऊ नका, आत डोंगराच्या बाजूने न्या, अशी चळवळ उभी राहिली. ती काही मूठभरांची नव्हती. काम थांबलं, निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला, आणि शेवटी मूळ आखणीच कायम राहिली. मला त्या वेळी चळवळवाल्यांचा राग यायचा, मिरजेचा फलाट आठवायचा. आता वाटतं, खाजनाचे बांध आणि त्यातलं पाणी यांबद्दल ते जे सांगत होते ते ऐकून घ्यायला हवं होतं. मार्ग बदलला नसता कदाचित, पण मोऱ्या जास्त निघाल्या असत्या. पेडण्याचा बोगदा पुन्हा पुन्हा ढासळत राहिला. २६ जानेवारी १९९८ ला लाइन सलग खुली झाली ती त्याची समजूत घातल्यावरच. २०२० च्या ऑगस्टात त्याची भिंत पुन्हा कोसळली आणि गाड्या मिरजेवरून वळवाव्या लागल्या. मिरज काही आपल्याला सोडत नाही.

याच सुमारास घाटातली मीटरगेजही ब्रॉडगेज झाली, आणि मडगावला या दोन रेल्वेंची गाठ पडली. नवं मोठं जंक्शन कोंबापासून पूर्वेला, रावणफोंडच्या बाजूला, मोकळी जागा होती तिथे उभं राहिलं. लांब गाड्यांना लांब फलाट हवेत. बावीस-चोवीस डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त, ती कोंबातल्या घरांमध्ये कुठे उभी करणार? निर्णय बरोबरच होता. पण त्याने स्टेशन गावातून उचलून गावाच्या कडेला ठेवलं.

या जंक्शनची मांडणी बसल्या जागी समजून घेण्यासारखी आहे. मडगाव आणि माजोर्डा यांच्या मध्ये दोन्ही रेल्वे एकाच पट्ट्यातून जातात. माजोर्ड्याला फाटा फुटतो: एक लाइन कासावलीवरून वास्कोला, दुसरी वेर्ण्यावरून उत्तरेला, करमळी, थिवी, पेडणे करत मुंबईकडे. मडगावच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा फाटा: एक चांदर-कुडचड्यावरून घाटाकडे, दुसरी बाळ्ळी-काणकोणवरून कारवार-मंगळूरला. एकूण चार वाटा आणि मध्ये थोडं सामाईक अंतर. त्यामुळे मुंबई-मंगळूर गाडी सरळ जाते. वास्को-हुबळी सरळ जाते. पण हुबळीकडून घाट उतरून आलेल्या गाडीला मंगळूरला जायचं असेल, तर मडगावात इंजिन सोडून मागच्या बाजूला लावावं लागतं, कारण ती आली त्याच अंगाने तिला बाहेर पडायचं असतं. अशा गाडीत बसलेल्या नव्या प्रवाशाचा चेहरा बघावा. गाडी उलटी निघाली की तो शेजाऱ्याला विचारतो, परत चाललो की काय? जुना प्रवासी उत्तर द्यायच्या आधी जरा वेळ मजा घेतो.

हे सगळं रुळांच्या बाजूने बघितलं तर सुंदर आहे. कुठली गाडी कुठे ओलांडणार, कुणी कुणासाठी थांबायचं, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी केल्यावर एकेरी लाइनवर सगळ्यांना कसं बसवायचं, याचा विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. आता बाहेरच्या बाजूने बघा. कोकणकन्येतून सकाळी उतरलात, पुलावरून सामान ओढत मुख्य इमारतीत आलात, दारातून बाहेर पडलात. पुढे? समोर टॅक्सीवाले, रिक्षावाले, पिवळ्या मडगार्डाचे पायलट. "खंय वचपाचें?", कुठे जायचं, हा प्रश्न चारी बाजूंनी. कदंब बसस्टँड फातोर्ड्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. हातात दोन बॅगा असतील तर गावात पायी जाण्याची कल्पना कुणी करत नाही. मुंबईहून मडगावला रात्रभरात येता येतं, पण मडगाव स्टेशनापासून एखाद्या आतल्या गावात जायचं तर दोन बस आणि एक पायलट. २०२३ च्या जूनपासून वंदे भारतही मडगावपर्यंत येते. तिने वाचवलेला वेळ बाहेरच्या या आवारात घालवता येतो.

एकदा, फक्त एकदाच, या स्टेशनाच्या आवारात रस्त्याच्या बाजूने विचार करणारं काहीतरी उभं राहिलं होतं. स्कायबस. कोकण रेल्वेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांची ही कल्पना. गाड्यांची टक्कर टाळणारं 'रक्षा कवच' हे उपकरणही त्यांच्याच डोक्यातून आलं. स्कायबसमध्ये रूळ आकाशात होते, खांबांवर बसवलेल्या काँक्रीटच्या पोकळ पेटीच्या आत. चाकं पेटीत धावणार, आणि डबा खाली लोंबकळणार. चाकं बंद पेटीत असल्याने घसरून बाहेर पडायला जागाच नाही, असा युक्तिवाद. खांब रस्त्याच्या मधोमध, स्टेशन रस्त्याच्या वर, प्रवासी फुटपाथवरून जिना चढून आत. जमीन जवळजवळ घ्यायचीच नाही. गोव्यात ज्याने जमिनीच्या तुकड्यासाठी चुलतभावांना एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं राहिलेलं पाहिलं आहे, त्याला या शेवटच्या वाक्याचं महत्त्व सांगायला नको.

२००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी गोव्याला नववर्षाची भेट म्हणून ही स्कायबस जाहीर केली. पहिला टप्पा म्हापसा ते पणजी ठरला होता. त्याआधी चाचणीसाठी मडगावला १.६ किलोमीटरची लाइन उभारली. आम्ही पोरंबाळं घेऊन ती बघायला गेलो होतो. खांब, त्यांवर ती पेटी, आणि खाली टांगलेला निळसर डबा असा जवळून बघितला की आधी हसू यायचं आणि मग मान वर करून उभंच राहावंसं वाटायचं. शेजारी कोकण रेल्वेची गाडी जमिनीवरून जात होती. भविष्य आणि वर्तमान असे एकाच आवारात, आणि दोन्ही एकाच कंपनीचे.

२५ सप्टेंबर २००४ ला चाचणी चालू असताना डबा खांबाला धडकला. एक कर्मचारी गेला, तिघे जखमी झाले. त्यानंतर काम पुढे सरकलं नाही. काहींच्या मते कल्पना मुळातच लंगडी होती, काहींच्या मते घाई नडली, आणि काही अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात की मेट्रोवाल्यांना ती नको होती. मी इंजिनिअर नाही. पण ज्या वाहनाची सुरक्षितता हाच त्याचा मुख्य दावा, त्याने चाचणीतच माणूस घेतल्यावर लोक पुन्हा त्यात बसायला तयार होणं अवघड असतं, एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. खांब पुढची नऊ वर्षं उभे राहिले. २०१३ मध्ये कोकण रेल्वेने प्रकल्प रीतसर गुंडाळला आणि सांगाडा उतरवला. माझ्या भाचीला, जी पुण्याच्या मेट्रोच्या खोलीचं कौतुक करते, ते खांब नीट आठवतही नाहीत.

मला स्कायबस परत नको आहे. पण तिने जो प्रश्न विचारला होता, स्टेशन रस्त्यावरच्या माणसाच्या सोयीने का नसावं, त्याला उत्तर देण्याइतकं सामान आपल्याकडे आधीच पडून आहे. वास्को ते कुळे रूळ आहेत, पेडणे ते काणकोण रूळ आहेत. नकाशावर बोट ठेवून बघा: वास्को, दाबोळीचा विमानतळ, मडगाव, कुडचडे ही एका रेषेत येतात, करमळीवरून जुनं गोवं आणि पणजीचं दार येतं. मेट्रो बांधणारे ज्या जागा शोधण्यासाठी वर्षभर पाहणी करतात, त्यातल्या कितीतरी जागी आपली स्टेशनं शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत. डेमू धावते, पॅसेंजर धावते, पण कुडचड्याची नर्स मडगावच्या हॉस्पिटलात कामावर जाताना तिच्यावर विसंबत नाही, ती स्कूटर काढते. गाडी वाईट म्हणून नव्हे. एक चुकली तर दुसरी कधी हे पाठ करावं लागतं म्हणून. मेट्रोत वेळापत्रक कुणी पाठ करत नाही. स्टेशनात शिरायचं, आलेली गाडी पकडायची. सगळा फरक तिथे आहे. ३३ मीटर खोली ही नुसती शोभा.

आणि इथेच घोडं अडतं. गाड्या वाढवायच्या तर एकेरी लाइन पुरत नाही, दुसरा रूळ हवा. दक्षिण पश्चिम रेल्वेचं दुपदरीकरण नेमकं तेच करायला निघालं आहे, पण लोकांना त्या रुळावर प्रवासी दिसत नाहीत, मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा दिसतो. २०२० च्या नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदरला हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसली. कासावली, वेळसांवच्या बाजूलाही तीच तक्रार, घरांच्या पडवीपर्यंत काम आल्याची. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे भागातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. घाटाच्या जंगलाचा विचार करता ते ठीकच झालं. पण खाली, कुळे ते वास्को, जिथे वस्ती आहे आणि जिथे लोकल हवी, तिथे हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे.

चांदरच्या एका ओळखीच्या बाबाशी मी यावर वाद घातला. त्याचं घर रुळांपासून हाकेवर, भिंतींवर कोळशाची पूड पुसून पुसून तो कंटाळलेला. मी म्हटलं, "बाब, दुसरा रूळ आला तर तुझ्या नातवाला दर अर्ध्या तासाने मडगावची गाडी मिळेल." तो म्हणाला, "कोणी लिहून देतो?" मी गप्प. मग त्यानेच हिशेब मांडला. १८८८ मध्ये रूळ आले ते बंदरासाठी, १९९८ मध्ये आले ते मुंबईसाठी, आता येणार ते कोळशासाठी. "आमच्यासाठी कधी येणार ते सांग, त्या दिवशी मी स्वतः कुंपण काढून देतो." दुसऱ्या रुळावर दिवसाला इतक्या लोकल आधी, मालगाड्या नंतर, असं कोणी खरंच कागदावर लिहून द्यायला तयार असेल, तर चांदरवाल्यांकडे तो कागद घेऊन जायचं काम मी करीन. भाचीलाही बरोबर नेईन. जिन्यांना नंबर कसे द्यायचे, ते तिला ठाऊक आहे.